फोर बाय फोर असून गाडी थांबली का नाही? साताऱ्याच्या एका कुटुंबाचा सोलांगच्या वरच्या उतारावरील अपघात : प्रकरण अभ्यास

हे प्रकरण साताऱ्यातील एका कुटुंबाचे आहे. जानेवारी महिन्यात हे कुटुंब स्वतःच्या फोर बाय फोर गाडीने मनालीला गेले. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जाऊन परत येताना, बोगद्याचे दक्षिणेकडील तोंड आणि सोलांग यांच्यामधल्या उतारावर त्यांची गाडी घसरली आणि डोंगराच्या बाजूला साचलेल्या बर्फाच्या ढिगावर आदळली. जीवितहानी झाली नाही. चालकाच्या आईच्या मनगटाचे हाड मोडले. गाडीचा पुढचा बंपर, एक दिवा आणि मडगार्ड निकामी झाले.

मी साताऱ्यात वाहनचालन शिकवतो आणि हे गृहस्थ वीस वर्षांपूर्वी माझ्याकडेच गाडी शिकले. परत आल्यावर त्यांनी गाडीच्या काचेवरील कॅमेऱ्याचे चित्रण माझ्यापुढे ठेवले आणि एकच प्रश्न विचारला : “सर, फोर बाय फोर लावलेली गाडी आहे, टायर जाड आहेत, मग ती थांबली का नाही?” हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आपल्या भागातून अशा गाड्या घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हाच गैरसमज असतो. कुटुंबाच्या संमतीने, नावे आणि गाडीचा नमुना वगळून, ते प्रकरण येथे मांडत आहे.

चालक आणि गाडी

चालकाचे वय ४२. शेती आणि त्याला जोडून खतांचे दुकान असा व्यवसाय. गाडी डिझेलची, हाताने गिअर बदलण्याची. तिची फोर-व्हील यंत्रणा कायम जोडलेली नसून लिव्हरने लावायची आणि काढायची आहे. गाडीने ३८,००० किलोमीटर धावून घेतले होते आणि टायर खडबडीत नक्षीचे, म्हणजे दुकानदार ज्यांना ऑल-टेरेन म्हणतात तसले होते. छतावर कॅरिअर आणि त्यावर सामान बांधलेले होते. गाडीत चालक, त्यांची पत्नी, बारा वर्षांचा मुलगा, आई आणि बहिणीचे यजमान असे पाच जण होते.

हे गृहस्थ नवशिके नाहीत, हे मी आग्रहाने सांगतो. पावसाळ्यात बामणोलीकडच्या आणि ठोसेघरच्या पलीकडच्या कच्च्या वाटांवर, तांबड्या चिखलात, अनेकांच्या रुतलेल्या गाड्या त्यांनी दोर लावून ओढून काढल्या आहेत. खंबाटकीचा आणि यवतेश्वरचा घाट त्यांच्या हातातला आहे. बर्फ मात्र त्यांनी पाहिला होता तो महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या कडेला, थंडीच्या पहाटे गवतावर आणि बोटींवर गोठलेल्या दवाच्या रूपात, म्हणजे बोटाने खरवडून काढता येईल इतकाच. या अपघातात त्यांच्या अनुभवाची उणीव जितकी कारणीभूत ठरली, तितकाच त्यांचा चिखलातला दांडगा अनुभवही कारणीभूत ठरला. तो कसा, ते पुढे येईल.

त्या दिवशी काय घडले

दोन दिवस आधी बर्फ पडून गेला होता. हिमवृष्टीनंतर सोलांगच्या पुढे फक्त फोर बाय फोर गाड्या किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या सोडण्याचा तेथील पोलिसांचा शिरस्ता आहे. यांच्या गाडीला नाक्यावर लगेच परवानगी मिळाली. मागे साखळ्या बांधण्यासाठी थांबलेल्या लहान गाड्यांची रांग पाहून आपल्याला त्यांची गरज नाही, ही समजूत पक्की झाली. नाक्यावरची परवानगी म्हणजे सुरक्षिततेची खात्री, असा अर्थ त्यांनी घेतला. वास्तविक, गाडी चढावर रुतून रस्ता अडवणार नाही, एवढीच अपेक्षा त्या परवानगीमागे असते.

सकाळी अकराच्या सुमारास फोर-हाय, म्हणजे नेहमीच्या गिअरांवरच चारही चाकांना ओढ देणारी स्थिती, लावून ते वर गेले. ऊन होते, रस्त्यावरचा बर्फ वितळून लगदा झाला होता आणि गाडी कुठेही न अडखळता चढली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा असून तो समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे. म्हणजे परतीच्या वाटेवर बोगद्यापासून मनालीपर्यंत सुमारे २५ किलोमीटरमध्ये हजार मीटर उतरायचे असते. सिस्सूला त्यांचा वेळ अपेक्षेपेक्षा जास्त गेला आणि दुपारी दोनला निघायचे ते चारनंतर निघाले.

बोगद्यातला रस्ता कोरडा होता. तेथे चालकाने फोर-हाय काढून गाडी मागच्या दोन चाकांच्या ओढीवर घेतली. हे त्यांनी पुस्तकाप्रमाणे योग्यच केले. लिव्हरने लावायच्या यंत्रणेत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट जखडले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चिखलात किंवा बर्फावर चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही आणि सगळा ताण यंत्रणेवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर ती काढून ठेवायची असते.

४ वाजून ३८ मिनिटांनी गाडी बोगद्याच्या दक्षिण तोंडातून बाहेर पडली. सूर्य डोंगराआड गेला होता. समोरचा रस्ता काळा आणि ओला दिसत होता, पांढरा कुठेच नव्हता. त्यामुळे फोर-हाय पुन्हा लावण्याचे कारण चालकाला दिसले नाही. ४ वाजून ४४ मिनिटांनी एका वळणावर चित्रणातले समोरचे दृश्य क्षणभर डावीकडून उजवीकडे सरकते आणि पुन्हा जागेवर येते. आवाज स्पष्ट ऐकू येतो :

“अहो, मागनं हलली का गाडी?”

“काही नाही गं. बामणोलीच्या चिखलात यापेक्षा जास्त हलते.”

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला निर्णायक क्षण हा आहे. रस्त्याने स्पष्ट इशारा दिला होता, पत्नीने तो अचूक ओळखला होता आणि चालकाने त्याला चिखलाचे माप लावले. वेग कमी झाला नाही, गिअरही बदलला नाही.

तीन मिनिटांनी पुढच्या एका डाव्या वळणाआधी समोर थांबलेली गाडी दिसली. कॅमेऱ्यावरचा वेग तेव्हा ताशी ३४ किलोमीटर होता. चालकाने ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरू लागले, आणि त्याच वेळी त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवले. गाडी मात्र सरळच जात राहिली. सुमारे ३८ मीटर अशी गेल्यावर शेवटच्या क्षणी तिने थोडे तोंड वळवले आणि ती डोंगराच्या बाजूच्या ढिगात शिरली. समोरची गाडी चार-पाच हातांवर राहिली.

थांबण्याचे अंतर

चालकाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. फोर-व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना पोहोचवते, त्यामुळे गाडी जागची हलते, चढते, रुतत नाही. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतोच, मग ती लाखभर किमतीची जुनी हॅचबॅक असो की नवी फोर बाय फोर. चारही चाके आधीच ब्रेकने धरलेली असताना आणखी कोणती चाके धरणार? गाडी किती अंतरात थांबेल, हे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण ठरवते आणि त्या घर्षणात फोर-व्हील यंत्रणा काडीचीही भर घालत नाही.

घर्षणगुणांक, म्हणजे टायरची रस्त्यावर पकड किती हे सांगणारा आकडा, कोरड्या डांबरावर साधारण ०.७ धरतात, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. या वळणावर उतार सहा टक्के आणि गुणांक ०.१५ धरून मी हिशेब केला. उतारावर गुरुत्वाकर्षण गाडीला सतत पुढे ओढत असल्यामुळे ०.१५ मधून ०.०६ वजा होतात आणि थांबण्याच्या कामी फक्त ०.०९ उरतात. ताशी ३४ किलोमीटर वेगाने ब्रेक दाबल्यावर गाडीला थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. तीच गाडी, तोच चालक, तोच उतार, पण साताऱ्याचे कोरडे डांबर असते, तर सात मीटर पुरले असते. ३८ मीटरनंतरही गाडीत ताशी सुमारे १७ किलोमीटरचा वेग शिल्लक होता, आणि ढिगाला बसलेली धडक त्याच वेगाची होती.

हाच हिशेब ताशी २० किलोमीटरसाठी केला, तर अंतर साडेसतरा मीटर येते आणि १५ किलोमीटरसाठी जेमतेम दहा मीटर. वेग निम्म्याहून थोडा कमी केला की अंतर पाचव्या हिश्श्यावर येते. चालकाच्या मुलाने हे आकडे माझ्या वहीवरून स्वतःच्या वहीत उतरवून घेतले; मला त्याचे फार बरे वाटले.

स्टिअरिंग फिरवूनही गाडी का वळली नाही, हे त्यांना विहिरीच्या उदाहरणावरून लगेच पटले. पाणी कमी असलेल्या विहिरीवर दोन मोटारी एकदम चालू केल्या, तर दोन्हींना पुरेसे पाणी मिळत नाही. पुढच्या चाकांपाशी घर्षण आधीच थोडे असते. त्यातले सगळे ब्रेकने घेतले तर वळण्यासाठी काही उरत नाही. पेडलची थरथर म्हणजे एबीएसचे काम चालू असल्याची खूण होती. चाक पूर्ण जखडू न देता वळण्याची थोडी संधी राखून ठेवणे हे त्या यंत्रणेचे काम आहे. जे घर्षण रस्त्यात नाही ते ती आणू शकत नाही. ब्रेक थोडा सैल करून आधी गाडीचे तोंड वळवायचे आणि मग पुन्हा हलकेच ब्रेक द्यायचा, असे करता आले असते. पण ते सुचायला वेळ आणि सराव लागतो, आणि त्यांच्याकडे दोन्ही नव्हते.

चिखलाने काय शिकवले होते

चिखल आणि बर्फ दोन्ही घसरडे, म्हणून दोन्हींना एकच उपाय, असे वाटणे स्वाभाविक आहे. चिखलात खडबडीत टायरचे दात वरचा गाळ कापून खालच्या मुरमापर्यंत पोहोचतात. चाक जरा जास्त फिरले तर दातांतला चिखल उडून जातो आणि पुन्हा पकड मिळते, म्हणून तेथे दम न सोडता जोर ठेवायचा असतो. शिवाय चिखल स्वतःच गाडीला अडवतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी दोन हातांवर उभी राहते. म्हणजे वर्षानुवर्षे चिखलात गाडी चालवणाऱ्याला “पुढे कसे जायचे” हा एकच प्रश्न पडलेला असतो. “थांबायचे कसे” हा प्रश्न चिखल त्याला कधी विचारतच नाही. गोठलेल्या उतारावर नेमके उलटे असते. तेथे कापून खाली जायला काही नसते आणि पाय काढला तरी अडवणारे काही नसते.

रस्ता काळा दिसत होता, हीदेखील फसवणूकच होती. दिवसा वितळलेले पाणी सावली पडताच गोठते आणि डांबरावर काचेसारखा पारदर्शक पापुद्रा धरते. याला ब्लॅक आइस म्हणतात. शून्य अंशाच्या आसपास हा बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्या मानाने बरा. ओळखण्याची एक खूण चित्रणात स्पष्ट दिसते : पुढे चाललेल्या गाडीच्या चाकांमागून, रस्ता ओला दिसत असूनही, पाण्याचे तुषार उडत नाहीत. टायरचा ओल्या रस्त्यावरचा सळसळ आवाजही एकाएकी बंद होतो. मी ते चित्रण पाच-सहा वेळा ऐकले. ४ वाजून ४३ मिनिटांनी तो आवाज जातो, म्हणजे मागची चाके हलण्याच्या एक मिनिट आधी. तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर बाहेरचे तापमान उणे एक अंश दिसत असल्याचे चालकाच्या मेहुण्यांना आठवते.

उतरायचे ते गिअरने

आमच्या ओळखीत एक निवृत्त लष्करी चालक आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. लेह आणि द्रासच्या बाजूला त्यांनी हिवाळ्यात लष्कराचे ट्रक चालवले आहेत. आपल्या जिल्ह्यात गावोगाव असे जाणते लोक आहेत आणि बर्फात जाणारे त्यांना विचारत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. चित्रण पाहून तात्या चालकाला म्हणाले, “बाळ, पायानं नाही, गिअरनं उतरायचं. पाय ब्रेकवर गेला म्हणजे उशीर झाला.”

फोर-व्हील ड्राइव्ह उतारावर उपयोगी पडते ती याच अर्थाने. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवते. गाडी मागच्या दोनच चाकांवर चालत असेल, तर हा सगळा अडवणारा जोर त्या दोन चाकांवर पडतो, ती सुटतात आणि गाडीची मागची बाजू फिरू लागते. ४ वाजून ४४ मिनिटांनी झाले ते हेच असावे. चारही चाके जोडलेली असताना तोच जोर चौघांत वाटला जातो आणि गाडी सरळ राहते. फोर-लोमध्ये गिअरचे प्रमाण दोन ते अडीच पट खाली येत असल्याने पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालण्याच्या वेगाने, ब्रेकला स्पर्श न करता उतरते. फोर-लो लावण्यासाठी बहुतेक गाड्या जवळजवळ थांबवाव्या लागतात. म्हणून हा निर्णय उतार सुरू होण्याआधी, सपाट आणि कोरड्या जागी घ्यायचा. बोगद्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या मोकळ्या जागेत एक मिनिट थांबून लिव्हर ओढणे एवढेच राहून गेले.

क्लच झटक्यात सोडून गिअर खाली आणला, तर चाके तितक्याच झटक्यात सुटतात, ब्रेक दाबल्यासारखीच. क्लच हळू सोडायचा, ॲक्सिलरेटर हळू, स्टिअरिंगही हळू. आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर साताऱ्यात ठेवतो त्याच्या आठ-दहा पट.

टायर आणि साखळ्या

जाड, दातेरी टायर म्हणजे बर्फाचा टायर, हा दुसरा गैरसमज. थंडीत महत्त्व नक्षीपेक्षा रबराला असते. नेहमीचे रबर सात अंशांच्या खाली कडक होत जाते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असते. यांच्या टायरवर ते नव्हते. साताऱ्याहून मऊ हिवाळी टायर घालून दोन हजार किलोमीटर उन्हातून जाणे व्यवहार्य नाही. ते रबर वाटेतच झिजेल. म्हणून आपल्यासारख्यांसाठी खरा उपाय साखळ्यांचाच आहे.

अपघातानंतर काही मिनिटांत एक छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी भाड्याची गाडी साखळ्यांचा खडखड आवाज करत सावकाश शेजारून खाली गेली. चालक म्हणतात, तो आवाज त्यांच्या कानातून अजून जात नाही. साखळीचे लोखंड बर्फात रुतते, रबराला जे जमत नाही ते करते. शक्यतो चारही चाकांना बांधाव्यात. फक्त पुढे बांधल्या तर उतारावर मागची बाजू फिरण्याचा धोका राहतो, फक्त मागे बांधल्या तर गाडी वळत नाही. थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळाव्यात, वेग कमी ठेवावा आणि कोरडा रस्ता लागताच काढाव्यात.

धडकेनंतरची दहा मिनिटे

मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती या दहा मिनिटांची. धडक बसताच सगळे घाबरून खाली उतरले आणि गाडीच्या मागे, रस्त्यावरच उभे राहिले. आईने मागच्या सीटवर पट्टा लावला नव्हता. पुढच्या सीटवर आपटू नये म्हणून टेकवलेला हात मोडला होता आणि मुलगा त्यांना धरून उभा होता. ज्या बर्फावर आपली गाडी थांबली नाही, त्याच बर्फावर मागून येणारीही थांबणार नाही, हे त्या क्षणी कोणालाच सुचले नाही. त्या भाड्याच्या गाडीच्या स्थानिक चालकाने काच खाली करून ओरडून त्यांना डोंगराच्या बाजूला, गाडीपासून दूर आणि वरच्या अंगाला जायला सांगितले. पुढच्या तीन-चार मिनिटांत आणखी एक गाडी घसरत आली आणि यांच्या मागच्या बंपरला घासून थांबली. माणसे तेथे उभी नव्हती.

त्यानंतर त्याच स्थानिक चालकाने दुसऱ्या एका गाडीतून साखळ्यांचे दोन जोड मागवून चारही चाकांना बांधून दिले. फोर-लो आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी खाली उतरली; बाहेर चालत असलेल्या मेहुण्यांचा वेग गाडीच्या वेगाहून फारसा कमी नव्हता. आईच्या हाताला मनालीत प्लॅस्टर घातले, तोवर रात्रीचे नऊ वाजले होते.

पुढे काय ठरले

कुटुंबाला पुन्हा जायचे आहे, आणि मी त्यांना अडवलेले नाही. दिवसाची वेळ मात्र आम्ही बांधून घेतली : वरून परतीचा उतार दुपारी दोनच्या आत उतरून झाला पाहिजे, मग सिस्सूला अर्धाच तास मिळाला तरी चालेल. डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बर्फ पडून सोलांग आणि बोगदा यांच्यामध्ये हजाराहून अधिक वाहने अडकली होती. तशी चिन्हे दिसली तर स्वतःची गाडी मनालीत उभी करून स्थानिक चालकासह गाडी भाड्याने घ्यायची, हेही ठरले. चालकाला हे पटायला वेळ लागला. आपली गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीत बसायचे, हे त्यांच्या मनाला जड गेले, आणि ते मी समजू शकतो.

त्यांनी टायरच्या मापाच्या साखळ्यांचे दोन जोड मागवले. एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत, आम्ही त्या बांधून पाहिल्या. पहिल्या खेपेला चारही चाकांना पन्नास मिनिटे लागली आणि एक साखळी उलटी बसली. तिसऱ्या खेपेला, हातमोजे घालून, सव्वीस मिनिटे लागली. वेळ आई मोजत होत्या. त्यांनी मुलाला सांगितले की आता अंधारात, बॅटरी धरून एकदा करून बघा.